अच्युत कानविंदे: चाळीस मिनिटांत काय सांगावं, काय गाळावं?

टी_स्क्वेअर (धागाकर्ता)

नाशिकमधल्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दिवाळीआधी एक सत्र ठरलं आहे. वेळ चाळीस मिनिटं, सोबत एक मॉडेल. विषय वास्तुविशारद अच्युत कानविंदे.

ढोबळ आराखडा असा: जन्म १९१६, आचरे, तालुका मालवण. वडील चित्रकार. शिक्षण मुंबईच्या जे.जे.मध्ये, क्लॉड बॅटलींच्या हाताखाली. १९४३ मध्ये सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत वास्तुविशारद. १९४५ मध्ये सरकारने हार्वर्डला पाठवलं, तिथे शिक्षक वॉल्टर ग्रोपियस, बाउहाउस ही जर्मन कलाशाळा काढणारे. १९४७ ला परत. मग प्रयोगशाळा, अहमदाबादची अटिरा (कापड उद्योगाची संशोधन संस्था), १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत स्वतःची फर्म, आयआयटी कानपूर, मेहसाण्याची दूधसागर डेअरी, बंगळूरचं कृषी विद्यापीठ, मुंबई आणि दिल्लीची विज्ञान केंद्रं, शेवटी दिल्लीचं इस्कॉन मंदिर. २००२ मध्ये निधन.

माझं मत आधीच सांगतो. 'ग्रोपियसचा भारतीय शिष्य' या एका वाक्यात या माणसाला गुंडाळतात, ते चूक आहे. पण मग त्याऐवजी काय सांगायचं? आणि मॉडेल एकाच इमारतीचं करायचं तर कोणत्या?

मालवणी_खाजा

आमच्या आचऱ्याचो माणूस! पयलो नंबर माझो.

आता मुलांना एवढं तरी सांगाच. आचरे हे गावपळणीचं गाव. रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातं. अशा गावच्या माणसाने जन्मभर हजार-हजार एकरांचे कायमस्वरूपी कॅम्पस बांधले.

सळई_आणि_कव्हर

विषय उत्तम. मुलं पहिला प्रश्न उघड्या काँक्रीटबद्दलच विचारतील, म्हणून तेवढं नीट लिहितो.

कानपूरला ढाचा काँक्रीटचा, मधली भर विटांची, दोन्हीवर गिलावा नाही. फोटोत हे सोपं दिसतं. पण गिलावा म्हणजे चुका झाकायची चादर, आणि ती काढली की प्रत्येक चूक पन्नास वर्षं लोकांच्या नजरेसमोर राहते. चुका कुठे होतात ते बघा.

पहिली फर्म्यात, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यात. फळ्यांच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी गळलं की मागे नुसती खडी उरते, तेच आपलं 'मधमाशांचं पोळं'. सांध्यात फोमची पट्टी, प्लाय फिल्मवाला १८ मिमीचा, तेल पातळ आणि सगळीकडे सारखं. जळकं इंजिन ऑइल वापरलं की काळे ढग उमटतात आणि ते कधीच जात नाहीत.

दुसरी रोजच्या जोडात. एका दिवशी संपूर्ण कॉलम-बीम ओतून होत नाही, जोड येणारच. तो लपवायचा नाही, उलट तिथे २० बाय २० मिमीची पट्टी लावून खाच काढायची. मग जोड वाकडा असला तरी डोळा सरळ खाचच बघतो.

तिसरी आणि सगळ्यात महागडी चूक कव्हरची. सळईच्या बाहेर किती काँक्रीट आहे, यावर इमारतीचं आयुष्य ठरतं. आजचा आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सौम्य हवेत २० मिमी, मध्यमला ३०, तीव्रला ४५ मिमी सांगतो. नाशिक शहरातली पावसात भिजणारी भिंत मध्यम धरा, इगतपुरीची तीव्र. काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड अनुक्रमे किमान एम-२५ आणि एम-३०. साठ-सत्तरच्या दशकांत देशभर स्लॅबला १५ मिमी कव्हर चालत असे, त्यामुळे त्या पिढीच्या बहुतेक उघड्या इमारतींचं दुखणं एकच आहे.

चुना_विटा

तेच तर म्हणणं आहे! जे दुखणं पन्नास वर्षांत येणार हे ठाऊक आहे, त्याला 'प्रामाणिक सामग्री' वगैरे म्हणून डोक्यावर का घ्यायचं? काळाराम मंदिराचा काळा दगड दोनशेहून जास्त पावसाळे खाऊन उभा आहे. पंचवटीतल्या वाड्यांची सागवानी तुळई उतरवून आजही दुसरीकडे चढवता येते. उघडं काँक्रीट भिजलं की सरकारी कचेरीसारखं दिसतं, वाळलं की जुन्या सरकारी कचेरीसारखं.

सळई_आणि_कव्हर

@चुना_विटा, शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं अमान्य :)

दगडाच्या भिंतीवर चौदा-पंधरा मीटर मोकळा लेक्चर हॉल पेलून दाखवा. आणि काँक्रीट 'कुजत' नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, चुन्याचा अंश संपवतो, काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेरावरून नऊच्या खाली येतो. मग सळईवरचा संरक्षक थर जातो आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून वरचा पापुद्रा उडतो. याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, काँक्रीटचा घट्टपणा आणि कव्हर. पाणी जास्त घालून ओतलेलं काँक्रीट वीस वर्षांतही सळईपर्यंत कार्बोनेट होतं.

तपासणी सोपी आहे. ताज्या फोडलेल्या कडेवर अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा. गुलाबी झालं तर आत अजून जीव आहे, रंग आला नाही तेवढी खोली गेली. दुरुस्तीत सळईच्या मागे किमान २० मिमी फोडायचं, गंज चकचकीत होईपर्यंत काढायचा, गंजरोधक प्रायमर, जोडलेप, मग पॉलिमर मॉर्टर. खरी अडचण त्यानंतरची, रंग जुळत नाही. नाशिककडे नदीच्या वाळूऐवजी बेसाल्टची क्रश सँड वापरतात, तिचं काँक्रीट गडद राखाडी येतं, म्हणजे ठिगळ आणखीच उठून दिसतं. त्याच भागात एक मीटर बाय एक मीटरचे चार-पाच नमुने करून, महिनाभर वाळवून मग मिश्रण ठरवावं लागतं. ठेकेदाराला हे सांगितलं की तो तुमच्याकडे दया आल्यासारखा बघतो.

कुंभारवाडा

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे कुणी बोललंच नाही. नवी भट्टीची वीट ओलावा पिऊन थोडी फुगते, काँक्रीट वर्षानुवर्षं आकसतं. वरच्या बीमला वीट घट्ट ठोकून बसवली तर बीमच भिंतीवर टेकतो आणि भिंत फुगवटा धरते. वरचा थर शेवटी, शक्य तितक्या दिवसांनी भरायचा आणि १० ते १२ मिमी जागा सोडून ती लवचीक भरणीने बुजवायची. आणि बीमच्या खालच्या कडेला १२-१५ मिमीची खाच हवी, मिस्त्री तिला ड्रिप म्हणतात. ती नसेल तर पावसाचं पाणी बीमच्या पोटाखालून सरळ विटेवर उतरतं आणि मग पांढरे क्षार. नाशिकला कितीही चांगली वीट आणा, ड्रिप विसरलात की दुसऱ्या पावसाळ्यात मिशा फुटणारच.

टी_स्क्वेअर

सगळं टिपून घेतोय. पण धागा साइटवर गेला. माणूस कुठाय?

बुन्सेन

माणूस प्रयोगशाळेत आहे. धाग्यात तेच राहून गेलं.

सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं ते 'आधुनिक शैली' शिकायला नव्हे. शांतिस्वरूप भटनागरांच्या सीएसआयआरला स्वातंत्र्याच्या तोंडावर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारायची होती आणि प्रयोगशाळा कशी आखतात हे माहीत असलेला वास्तुविशारद हवा होता. आणि प्रयोगशाळा ही अशी इमारत आहे की जिथे दर्शनी भागापेक्षा भिंतीतला पोकळ भाग महत्त्वाचा.

साधा हिशोब बघा. भिंतीला लागून दोन्ही बाजूंना ७५० मिमीचं टेबल, मध्ये पाठीला पाठ लावून दोन माणसं उभी राहून तिसरा जाईल इतकी १५०० मिमी वाट. झालं ३ मीटर, भिंत धरून ३.२ च्या आसपास. हे माप सगळ्या इमारतीचं एकक होतं. खिडकी, कॉलम, दिवा, पाणी, गॅस, सगळं याच्या पटीत. उद्या दोन खोल्यांची एक करायची असेल तर मधली भिंत काढायची, बाकी काही हलत नाही. पाणी, वायू, वीज आणि आम्लाचा निचरा यांच्यासाठी दोन प्रयोगशाळांमध्ये माणूस शिरेल इतका उभा पोकळ पट्टा ठेवायचा. तो ६०० मिमीपेक्षा अरुंद झाला की प्लंबर आत वाकू शकत नाही, मग तो बाहेरून भिंत फोडतो. आम्लाच्या नळीचा सांधा गळला आणि पट्ट्यात शिरायला दार नसलं तर तीन मजल्यांवरचा स्लॅब सडतो आणि गळती सापडत नाही.

आता कानविंदेंच्या पुढच्या इमारती आठवा. वर काढलेले उभे पट्टे, धुराड्यांसारखे शाफ्ट. सुरुवात इथली आहे. अटिरा आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, दोन्ही अहमदाबादला, दोन्हींमागे विक्रम साराभाई. अटिराची आडवी, सपाट छपराची इमारत बघून लोक 'बाउहाउस' म्हणतात, पण आतलं शिस्तीचं वेळापत्रक प्रयोगशाळेचं आहे. बरं, चंदिगड आखणारा ल कॉर्बूझिए भारतात आला १९५१ मध्ये. कानविंदे १९४७ मध्येच परत येऊन कामाला लागले होते. चंदिगडपासून भारतीय आधुनिक वास्तुकला सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पंचवटी_पासधारक

बुन्सेन यांना अनुमोदन. 'प्लंबर बाहेरून भिंत फोडतो' हे तर वैश्विक सत्य.

एक जोड. आयआयटी कानपूरचे पहिले संचालक पु. का. केळकर. आधी आयआयटी मुंबईच्या उभारणीत होते, १९५९ मध्ये कानपूरला गेले. कानपूरच्या ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे. म्हणजे उत्तर प्रदेशात ग्रँड ट्रंक रोडला लागून सुमारे हजार एकर माळावर दोन मराठी माणसं नकाशा पसरून बसली होती, असं चित्र डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही. गप्पा मात्र इंग्रजीतच झाल्या असणार.

नकाशात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे छत असलेल्या दुमजली वाटा. विभाग, ग्रंथालय, व्याख्यानगृहं या वाटांनी जोडलेली. कानपूरच्या लूमध्ये (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात) आणि पावसात मुलं एका तासाहून दुसऱ्या तासाला सावलीतून जातात. आपल्याकडे कॅम्पस म्हणजे गेट, गोल बाग, ध्वजस्तंभ आणि उन्हात तापलेले पेव्हर ब्लॉक. या अनुभवावर कानविंदेंनी एच. जेम्स मिलर यांच्यासोबत १९६९ मध्ये कॅम्पसच्या आखणीवर पुस्तकही लिहिलं.

लासलगाव_लाल

डेअरीकडे या. मॉडेल तिचंच करा.

मेहसाण्याच्या डेअरीत अडचण दुहेरी. वाफ आणि उष्णता प्रचंड, शिवाय दूध ही सतत वाहती वस्तू. उत्तर उभ्या छेदात आहे, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यावर दिसणाऱ्या रचनेत. दूध वरच्या पातळीवर घ्यायचं आणि प्रक्रियेच्या टप्प्यांतून शक्य तिथे गुरुत्वाने खाली उतरवायचं. आतली गरम, ओली हवा मात्र उलट दिशेने, उंच शाफ्टमधून वर. दूध खाली, वाफ वर. बाहेरून दिसणारे ते बुरुज म्हणजे या वर जाणाऱ्या हवेची वाट. कुणी शोभेसाठी लावलेले नाहीत.

नाशिकच्या मुलांना हे समजावायला परदेशी उदाहरण नको. कांद्याची चाळ घ्या. तळाशी दीड-दोन फूट मोकळी जागा, वर फटींच्या भिंती, मध्ये कांदा. कांद्याची ऊब हवेला वर ढकलते, खालून गार हवा येते. ढीग पाच फुटांवर गेला की खालचा कांदा दबतो, हवेची वाट बंद, आणि सड आतून सुरू. खालची फट गोणपाटाने बुजवली की तेच. शाफ्ट कितीही उंच बांधा, खालून हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता खांब.

इगतपुरी_घाट

लासलगाव यांना आकड्यांची जोड. शाफ्ट १० मीटर उंच, आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंश गरम, तर मिळणारा दाब सुमारे ३.७ पास्कल. सगळा वेगात बदलला तर अडीच मीटर प्रतिसेकंद. जाळी, वळणं, खरखरीत भिंत धरून प्रत्यक्षात दीड मीटर धरावा. १ चौरस मीटरच्या शाफ्टमधून तासाला साधारण ५,४०० घनमीटर हवा, पंख्याशिवाय.

बिघडतं कुठे? एक, तोंडाला कबुतरं येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावतात, ती तुपकट धुळीने वर्षभरात निम्मी बुजते. दोन, तोंड वाऱ्याकडे ठेवलं तर वारा शाफ्टमध्ये शिरतो आणि वाफ खाली कामगारांवर. तीन, हिवाळ्याच्या पहाटे शाफ्टची भिंत थंड असते, वाफ आतूनच पाणी होऊन गळते, म्हणून तळाशी निचऱ्याची नाळ हवीच. आपल्या घाटातल्या पावसात वर छत्री लागेल, पण छत्री आणि तोंड यांमध्ये शाफ्टच्या रुंदीच्या किमान निम्मी उंची मोकळी सोडा.

चुना_विटा

बरं, छेद मानला. पण आयुष्यभर शाफ्ट आणि मॉड्यूल करून शेवटी दिल्लीत इस्कॉनचं शिखरवालं मंदिर? १९९८ मध्ये उघडलं. आधुनिकतेला रामराम म्हणायचं का?

बुन्सेन

मंदिर आवडलं पाहिजे अशी सक्ती नाही. मात्र ते अचानक आलेलं नाही. अटिरात पेटी आडवी आहे, कानपूरला ती सुटी-सुटी होऊन वाटांनी जोडली जाते, मेहसाण्याला उभी वाढते, पुढच्या विज्ञान केंद्रांत पायऱ्यापायऱ्यांनी रचली जाते. उभ्या, गटाने उगवणाऱ्या आकारांपासून शिखर फार लांब नाही. ग्राहकाने परंपरेचं रूप मागितलं हेही आहेच. ८२ वर्षांच्या माणसाला 'तुम्ही शैली सोडलीत' असं म्हणण्याआधी, शैली त्याने कधी पकडली होती का, ते बघावं.

चुना_विटा

हे बरोबर बोललात. वाद थांबवतो. काँक्रीट मात्र अजून आवडत नाही.

लासलगाव_लाल

विज्ञान केंद्रांवरून एक गंमत. दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात प्रेक्षकाला सरकत्या जिन्याने आधी वर नेतात आणि मग दालनं बघत बघत तो खाली उतरतो. मेहसाण्याला दूध, दिल्लीला शाळेच्या सहली. तत्त्व एकच, वरून सोडा, खाली आपोआप येतात.

मालवणी_खाजा

आणि दोन्हीकडे उतू जाण्याची भीती.

पुठ्ठा_फेव्हिकॉल

मूळ प्रश्न मॉडेलचा होता, सगळे विसरले. संपूर्ण इमारतीचं मॉडेल करू नका. १:२०० ला ६०० मिमीचा शाफ्ट ३ मिमी होतो, लांबून काडी दिसते. १:१०० ला ६ मिमी, तरीही आत काही दिसत नाही. १:५० ला १२ मिमी, आता बोलता येतं.

एकच गाळा (दोन कॉलमांमधला भाग) कापून दाखवा. गाळा ६ मीटर म्हणजे १२० मिमी, मजला ४ मीटर म्हणजे ८० मिमी, तीन मजले २४० आणि छपरावर ३ मीटर शाफ्ट, म्हणजे ६०. एकूण ३०० मिमी उंच, टेबलावर नीट बसतं. १५० मिमीचा स्लॅब या मापात बरोबर ३ मिमी, म्हणजे ३ मिमी एमडीएफ तसंच चालतं. २३० मिमीची विटेची भिंत ४.६ येते, तिला ५ मिमी सनबोर्ड. कापलेली बाजू ३ मिमी अ‍ॅक्रिलिकने बंद करा, सगळे सांधे आतून कागदी टेपने हवाबंद. हे 'मेहसाण्याचं मॉडेल' म्हणू नका, मोजणी केलेली नाही. 'त्या तत्त्वाचा छेद' म्हणा.

पंचवटी_पासधारक

खाली उदबत्ती लावली तर धूर वर जाताना दिसेल का?

इगतपुरी_घाट

नुसत्या उदबत्तीने धूर मधेच रेंगाळेल, ऊब कमी पडते. तळाशी ४० वॉटचा पिवळा बल्ब ठेवा. आतली हवा ३० अंशांनी तापली तर ३०० मिमीलाही पाऊण मीटर प्रतिसेकंदाच्या आतला वेग मिळेल, धूर सरळ चढताना दिसायला पुरेसा. बल्ब अ‍ॅक्रिलिकपासून किमान ७०-८० मिमी लांब, कारण ते ८०-९० अंशांना मऊ पडतं. गाळ्याची खोली त्या हिशोबाने २०० मिमी घ्या. एका वेळी पाच मिनिटंच, एमडीएफ आहे. मग खालची फट बोटाने बंद करून दाखवा. धूर थबकतो आणि खोलीत पसरतो.

टी_स्क्वेअर

ठरलं. चाळीस मिनिटांपैकी दहा आयुष्याला, त्यातही आचरे ते सीएसआयआर. पंधरा प्रयोगशाळेच्या ३.२ मीटरला आणि कानपूरला. दहा बल्ब-उदबत्तीला. पाच कव्हर आणि गंजाला, फिनॉल्फ्थॅलीनचा प्रयोग काँक्रीटच्या एका जुन्या चाचणी-क्यूबच्या ताज्या तुकड्यावर. ग्रोपियस एका स्लाइडवर. इस्कॉन प्रश्नोत्तरांत येईलच, चुना_विटा यांना पहिल्या रांगेत बसवतो.

सत्रानंतर मुलांना कानविंदेंचं मुंबईतलं विज्ञान केंद्र, वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, दाखवायचं आहे. नाशिकहून एका दिवसात जमतं ना?

पंचवटी_पासधारक

आरामात. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरा, पश्चिम रेल्वेची धिमी लोकल, प्रभादेवी आणि लोअर परळ सोडून महालक्ष्मी. तिथून चालत. संध्याकाळच्या पंचवटीने परत. मुलांना सांगा, आधी इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारायची. वाहिन्या, पावसाचे पाइप आणि ड्रिप कुठे आहेत ते वहीत काढायचं, मगच आत. आत गेली की ती खेळण्यांपासून हलणार नाहीत.

आणि गाडीत पासधारकांच्या जागेवर बसू नका. तिथे कुठलाही आयएस कोड लागू नाही.

सळई_आणि_कव्हर

क्यूबचा तुकडा आदल्या दिवशी फोडून ठेवू नका. सत्रातच हातोडीने फोडा आणि धूळ ब्रशने झटकून लगेच शिंपडा. पाण्याने धुतला तर आतला चुना पृष्ठभागावर येतो आणि मेलेलं काँक्रीटही गुलाबी दिसतं.